जमा पावती

आचारसंहिता लागली. पोलीसपाटील वईपलीकडूनच ओरडून गेला:
बुधवारपर्यंत बंदुका ठाण्यात.
मी ती माळ्यावरून उतरवली.
एकनळी, ठासणीची,
दस्त्याला तीन ठिकाणी तांब्याची तार.
जुन्या लुंगीत गुंडाळायला घेतली,
मग म्हटलं, कशाला? चोरीची आहे काय?
उघडीच खांद्यावर टाकली
आणि तिठ्यावर येऊन उभी राहिले.

सव्वानऊची देवगड गाडी.
आंब्याच्या खोक्यांतून वाट काढत चढले
तर माणसं सरकली.
दोघांची सीट माझी एकटीची झाली.
सतरा वर्षं जाते ह्याच गाडीने,
हातात कोंबडा असला की नाकं मुरडतात.
आज कुणाचं नाक हललं नाही.
कंडक्टर तेवढा म्हणाला,
"वयनीनू, हिचा हाफ तिकीट फाडू?"
आणि स्वतःच हसला,
हसताना नळीचं तोंड कुठे आहे ते बघत राहिला.

परवान्यावर नाव माझं आहे, सत्यवती घाडी.
आधी ह्यांचं होतं, त्याआधी सासऱ्यांचं.
हे गेले तेव्हा कचेरीत सात हेलपाटे घातले.
कारकून म्हणाला, बाईमाणसाला कशाला बंदूक?
मी म्हटलं, वांदर काय बाईमाणूस बघून मागे फिरतात?
दीर बाहेर बाकावर बसून होता.
हरकत घेतली होती त्याने, लेखी.
जमिनीवर नव्हे,
बंदुकीवर.

त्या कागदात एक रकाना आहे: कारण.
त्यात लिहिलंय, शेतीसंरक्षण.
म्हणजे डुकरांपासून. वांदरांपासून.
गडग्याचं नाव त्यात नाही.
पण ज्या साली गडगा रात्रीतून दोन हात आत आला
त्या साली मी हिला ऊन दाखवायला खळ्यात आणली.
तेल लावलं, गज घातला, काढला,
घातला, काढला,
दुपारभर.
बार एकही काढला नाही.
तिसऱ्या दिवशी गडगा आपसूक मागे गेला.
चिरे चालतात हे मला तेव्हा कळलं.
ह्याला कुठला रकाना?

ठाण्यात रांग. सगळे म्हातारे,
कुणी बंदुकीचीच काठी करून टेकलेले.
इसाक सोलकर म्हणाले, माझी तर फुटतच नाही हो,
दारू मिळते कुठे आता.
पण परवाना एकदा सोडला
की पुन्हा कोण देतोय आपल्याला?
आपल्याला म्हणताना त्यांनी दाराकडे बघितलं.

हवालदार पोरगेला, घाटावरचा.
नळीत डोळा घातला, नंबर वाचला,
सुतळीने चिठ्ठी बांधली, बाळंतघरात पोराच्या पायाला बांधतात तशी.
मावशी, हिने माणूस मरेल का?
मी म्हटलं, अजून मेला नाही.
त्याने लिहिलं: चालू स्थितीत.
आत भिंतीला टेकवली ती
उशिरा आलेल्या पोरांच्या ओळीत शेवटची.

परतीच्या गाडीत माझ्या सीटवर तिघं बसली.
एकीने तर विचारलंही नाही,
आपलं झोपलेलं मूल माझ्या मांडीवर दिलं
आणि सुटे पैसे शोधायला लागली.
मुलाचं डोकं बरोबर त्याच खांद्याशी आलं,
घामेजलेलं, जड.
तिठा आला तरी मला उठवेना.

रात्री वायंगणातल्या भुईमुगात डुकरं उतरली.
मी घासलेटचा डबा बडवत बांधावर उभी.
गडग्यापलीकडून बॅटरीचा उजेड आला, थांबला.
"वयनी, बंदूक दिलंस?"
"दिलंय."
मग बराच वेळ काही नाही.
मग त्याच्या बाजूनेही डबा वाजायला लागला,
जोरात, माझ्यापेक्षा जोरात.

डुकरं हाकलत होता
की माझ्या अंगावर घालत होता, अंधारात समजेना.
पोलक्यात पावती घामाने भिजत होती.
निकालाला अजून एकवीस दिवस.
मी डबा बडवत राहिले.